साडेतीन टक्क्यांची तीस वर्षं

फेब्रुवारी १८९६ मध्ये कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाने एक छोटासा कायदा संमत केला. हिंदुस्थानातल्या गिरण्यांत विणल्या जाणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन कर बसला. विलायतेहून येणाऱ्या कापडावरची जकातही साडेतीन टक्केच ठेवली होती. दोघांनाही एकच माप लावलं, यात पक्षपात कुठे आहे, असं सरकारचं म्हणणं होतं. हा कर पुढे तीस वर्षं टिकला. त्याने दोन पिढ्यांच्या गिरणी मालकांना छळलं, पुण्याच्या विद्यार्थ्यांना विलायती कापडाची होळी करायला लावलं, गोखल्यांच्या अर्थसंकल्पी भाषणांना विषय पुरवला आणि अखेरीस दीड लाख गिरणी कामगारांना अडीच महिने उपाशी ठेवलं. इतक्या लहान दराचा एवढा मोठा इतिहास का झाला, हे समजायला मुंबईच्या गिरण्यांपासून सुरुवात करावी लागते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिची चाकं फिरू लागली. यंत्रं विलायतेची, ती बसवणारे कारागीरही सुरुवातीला तिकडचेच. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव आभाळाला भिडले, १८६५ मध्ये कोसळले, आणि त्या धुमाळीतून सावरल्यावर मुंबईचं भांडवल शांतपणे गिरण्यांकडे वळलं. दख्खनचा आणि वऱ्हाडचा कापूस रेल्वेने बंदरापर्यंत येत होता. कोकणातून आणि घाटावरून माणसं येत होती. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ च्या पहिल्या दिवशी नागपुरात सुरू झाली, ती कापसाच्या शेजारीच गिरणी हवी या विचाराने.

हे लँकेशायरच्या डोळ्यांवर आलं. इंग्लंडच्या त्या परगण्यातल्या लाखो लोकांचं पोट कापडावर चालत होतं आणि त्या कापडाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक हिंदुस्थान होतं. तेव्हा हिंदुस्थानात येणाऱ्या विलायती कापडावर पाच टक्के आणि सुतावर साडेतीन टक्के जकात होती. ती लावली होती तिजोरी भरण्यासाठी. १८५७ च्या बंडानंतर सरकार कर्जात बुडालं होतं आणि पैसा कुठून तरी उभा करायचा होता. पण १८७४ मध्ये मँचेस्टर चेंबर ऑफ कॉमर्सने भारतमंत्र्यांकडे अर्ज केला की या जकातीच्या आडोशाने मुंबईच्या गिरण्या फोफावत आहेत, म्हणून ती काढून टाकावी. मुंबईच्या मालकांनी १८७५ मध्ये आपला संघ बांधला, त्याला हीच पार्श्वभूमी होती.

तक्रारीत तथ्य किती होतं, हे एका तांत्रिक गोष्टीवरून ठरतं, आणि ती नीट पाहण्यासारखी आहे. सुताचा बारीकपणा नंबरावर मोजतात. ८४० वारांची एक लड धरायची आणि एका रत्तलात, म्हणजे पौंडात, अशा किती लडी बसतात ते पाहायचं. वीस लडी बसल्या तर ते वीस नंबरी सूत, म्हणजे एका रत्तलात १६,८०० वार धागा. नंबर जितका मोठा तितकं सूत तलम. आपला देशी कापूस आखूड धाग्याचा. त्यातून वीस नंबरापर्यंतचं सूत झकास निघे, त्यापुढे धागा तुटू लागे. म्हणून मुंबईच्या सांचेखात्यात विणलं जाई ते मांजरपाट, जाडी धोतरं, चादरी आणि शेतकऱ्याच्या अंगावर दोन-तीन वर्षं टिकेल असं कापड. लँकेशायरकडे अमेरिकेचा आणि इजिप्तचा लांब धाग्याचा कापूस होता. तिथून येई ती मलमल, तलम धोतरजोडी, रंगीत छापील माल. म्हणजे बाजार एकच असला तरी गिऱ्हाईक बहुतांशी वेगळं होतं. मांजरपाट नेसणारा जकात पाच टक्क्यांनी कमी झाली म्हणून तो टाकून देणार नव्हता आणि ज्याला तीस-चाळीस नंबरी सुताचं धोतर परवडत होतं, तो जकात वाढली म्हणून मांजरपाट नेसणार नव्हता.

तरीही लँकेशायरचा शब्द चालला. त्या परगण्याकडे पार्लमेंटच्या भरपूर जागा होत्या आणि मुंबईकडे एकही नव्हती. व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांनी १८७५ मध्ये जकात तशीच ठेवली. वर लांब धाग्याच्या परदेशी कापसावर पाच टक्के जकात बसवली, म्हणजे मुंबईला तलम सूत कातणं महाग पडावं. लँकेशायरचं तेवढ्यानेही समाधान झालं नाही. भारतमंत्री सॉल्सबरी आणि नॉर्थब्रुक यांच्यात खटके उडाले आणि नॉर्थब्रुक राजीनामा देऊन परत गेले. जुलै १८७७ मध्ये पार्लमेंटने ठरावच केला की ही जकात संरक्षणाच्या स्वरूपाची आहे आणि हिंदुस्थानची आर्थिक स्थिती परवानगी देताच ती उठवावी. ठराव झाला त्या वर्षी दख्खनमध्ये माणसं दुष्काळाने मरत होती. नवे व्हाइसरॉय लिटन यांनी १८७९ मध्ये जाड कापडावरची जकात उठवली, तेव्हा त्यांच्याच कौन्सिलातले बहुसंख्य सभासद विरोधात होते. व्हाइसरॉयच्या खास अधिकारात त्यांनी तो निर्णय रेटला. अफगाण युद्धाचा खर्च तेव्हा डोक्यावर होता. १८८२ मध्ये अर्थमंत्री मेजर इव्हलिन बेअरिंग यांनी मीठ, दारू आणि शस्त्रं यांसारखे अपवाद सोडून सगळीच आयात जकात रद्द केली.

खुल्या व्यापाराचं तत्त्व म्हणून हे सांगितलं गेलं. पण त्याच साम्राज्यातल्या कॅनडाने १८७९ पासून इंग्लंडच्या मालावर चढी जकात लावली होती आणि लंडनने ती चालू दिली. तिथे निवडून आलेलं सरकार होतं. हिंदुस्थानात ते नव्हतं. न्यायमूर्ती रानडे ज्या काळात पुण्याला औद्योगिक परिषद भरवून देशातल्या कारखानदारीचा हिशोब मांडत होते, त्या काळात देशाच्या हातात आपल्या बंदरावरची जकात ठरवण्याचाही अधिकार नव्हता.

मग चांदी घसरली. रुपया चांदीचा होता आणि विलायतेला द्यायची देणी, म्हणजे पेन्शनं, कर्जाचं व्याज, रेल्वेच्या हमीचे पैसे, ही सोन्याच्या पौंडात होती. एके काळी जवळजवळ दोन शिलिंगांचा असलेला रुपया १८९४ च्या सुमारास एक शिलिंग आणि एका पेनीच्या आसपास आला. तेवढेच पौंड पाठवायला कितीतरी जास्त रुपये लागू लागले. तिजोरीत खड्डा पडला. मार्च १८९४ मध्ये सरकारने बहुतेक सर्व आयात मालावर पुन्हा पाच टक्के जकात बसवली आणि त्यातून कापड व सूत तेवढं वगळलं. सर्वांत जास्त येणारा मालच वगळायचा, याला कोणताही हिशोब आधार देत नव्हता. मुंबईत एवढा गदारोळ झाला की डिसेंबरात कापड आणि सूतही यादीत घ्यावं लागलं. मात्र एक अट जोडली गेली. हिंदुस्थानी गिरण्यांत निघणाऱ्या वीस नंबरापेक्षा तलम सुतावरही तेवढाच पाच टक्के कर. अर्थमंत्री वेस्टलंड यांना पैसा हवा होता, लंडनला लँकेशायर सांभाळायचं होतं. वीस नंबराची ती रेघ म्हणजे या दोन गरजांमधली तडजोड होती.

ती वर्षभरच टिकली. १८९५ च्या उन्हाळ्यात विलायतेत सत्ता बदलली. वीस नंबराच्या खालचा माल करातून सुटतो आणि तो आमच्या मालाशी स्पर्धा करतो, अशी लँकेशायरची नवी तक्रार होती. भारतमंत्री हॅमिल्टन यांनी ती मान्य केली, आणि त्यातून सुरुवातीला सांगितलेला कायदा झाला.

आता त्याचा हिशोब पाहा. विलायती कापडावरची जकात पाचावरून साडेतीनवर आली, म्हणजे तलम कापड वापरणाऱ्याचा कर कमी झाला. सूत, देशी असो वा विलायती, पूर्ण मोकळं झालं. आणि जे जाडंभरडं कापड आतापर्यंत सगळ्या करांतून सुटलं होतं, त्यावर पहिल्यांदा साडेतीन टक्के बसले. लँकेशायर जे कापड क्वचितच विणत होतं, ते नेसणाऱ्या कुणब्याच्या धोतरावर कर आला. तिजोरीचं उत्पन्न वाढवण्यासाठी सुरू झालेली गोष्ट अशी संपली की विलायती मालाकडून येणारं उत्पन्न घटलं आणि गरिबाच्या कापडावरून ते वसूल होऊ लागलं. महसुलाच्या दृष्टीने हा कायदा टिकतच नाही. हातमाग यातून मोकळा होता, मोकळं सूत विणकऱ्याला स्वस्त पडलं, एवढी एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगता येते.

गिरणीच्या दृष्टीने या कराचा दंश दरात नव्हता, तो कशावर बसतो यात होता. प्राप्तिकर नफ्यावर असतो. नफा नसेल तर कर नाही. हा कर विणलेल्या कापडाच्या किमतीवर होता. गिरणीने दर महिन्याला किती माल काढला याचं पत्रक कलेक्टरकडे द्यायचं आणि त्यावर आकारणी व्हायची. शंभर रुपयांच्या कापडात कापूस, मजुरी, कोळसा, कांजी, यंत्रांची झीज आणि व्याज जाऊन मालकाच्या हातात सात रुपये उरत असतील, तर त्यांतले निम्मे सरकारचे. तीनच उरत असतील, तर अर्धा रुपया पदरचा घालायचा. आणि तोटा असेल तरी साडेतीन रुपये भरायचेच. चांगल्या वर्षी हा कर जाणवत नसे, वाईट वर्षी तो गळ्याशी येई. शिवाय इंग्लंडच्या गिरणी मालकाला आपल्या देशात असा कर नव्हता. यंत्रं, त्यांचे सुटे भाग, गिरणीत लागणारं बरंच सामान मुंबईला विलायतेहूनच आणावं लागे, तो जादा खर्च समान मापात कुणी धरला नाही.

महाराष्ट्रात याचा संताप पेटला. टिळक तेव्हा मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद होते आणि 'केसरी'तून हा प्रश्न त्यांनी गिरणी मालकांच्या दिवाणखान्यातून बाहेर काढून लोकांत नेला. १८९६ मध्ये पुण्यात आणि इतरत्र विद्यार्थ्यांनी विलायती कापडाच्या जाहीर होळ्या केल्या. वंगभंगाच्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट आहे. स्वदेशीचा उगम सांगताना बंगालचं नाव घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे, पण बहिष्काराचं हत्यार इथे एका कराच्या निमित्ताने आधीच पारजलं गेलं होतं. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात मुंबईत प्लेग आला, कामगार गावाकडे पळाले, आणि चळवळीची धग त्या संकटात विझली.

यानंतरची झुंज आकड्यांची आहे. २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्त्याच्या कौन्सिलात आपलं पहिलं अर्थसंकल्पी भाषण केलं. सरकारच्या तिजोरीत लागोपाठ काही वर्षं शिल्लक पडत होती आणि अधिकारी त्याला देशाच्या भरभराटीचा पुरावा म्हणत होते. गोखल्यांनी तो पुरावाच उलटा केला. हे कर बसवले तेव्हा रुपया एक शिलिंग एका पेनीला होता. आता तो एक शिलिंग चार पेन्सवर बांधला आहे. विलायतेची देणी भागवायला सरकारला कोट्यवधी रुपये कमी लागतात. ज्या अडचणीसाठी कर लावले ती अडचण गेली, कर मात्र राहिले, शिल्लक तिथून येते. त्यांनी मिठावरचा कर कमी करा, प्राप्तिकराची मर्यादा वाढवा आणि कापडावरची एक्साइज, म्हणजे हा उत्पादन कर, काढून टाका अशी मागणी केली.

या भाषणामागे आणखी एक माणूस होता, आणि त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेतले हेडमास्तर. सोलापूरसारख्या गावी राहून सरकारी अहवालांतले आकडे वर्षानुवर्षं टिपून ठेवणं हा त्यांचा ध्यास. गोखले आपल्या अर्थसंकल्पी भाषणांसाठी त्यांच्याकडून टिपणं मागवत, शंका विचारत, आकडे तपासून घेत. साम्राज्याच्या अर्थमंत्र्याला कौन्सिलात निरुत्तर करणारं गणित एका मराठी मास्तराच्या टेबलावर तयार होत होतं. करांच्या इतिहासात अशा माणसांची नावं राहिली पाहिजेत.

पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची मर्यादा पाचशेवरून हजार रुपये झाली. एक्साइजला हात लागला नाही. पहिल्या दोन मागण्यांनी विलायतेत कुणाचं बिघडत नव्हतं. तिसरीने बिघडत होतं.

या कराने मुंबईची वाढ थांबवली असं म्हणणं मात्र खरं ठरणार नाही. १९०५ नंतर स्वदेशीच्या लाटेत बंगालला धोतरं पुरवताना मुंबईच्या गिरण्यांनी झपाट्याने माग वाढवले, भावही चढवले आणि नफा कमावला. चीनचा सुताचा बाजार जपानने हिसकावल्यावर सूत विकण्याऐवजी कापड विणणं मालकांना भागच पडलं. जितकं कापड जास्त, तितका कर जास्त. सुरुवातीला लाखांत असलेलं एक्साइजचं उत्पन्न विसाच्या दशकात कोटींवर गेलं. मग सरकारला तो कर सोडवेना, हीही अडचण होऊन बसली. १९१६ मध्ये व्हाइसरॉय हार्डिंग यांनी आर्थिक स्थिती परवानगी देईल तेव्हा एक्साइज रद्द होईल असं आश्वासन दिलं. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धासाठी हिंदुस्थानने दहा कोटी पौंडांचा भार उचलला, त्याच्या मोबदल्यात कापडावरची आयात जकात साडेसात टक्के झाली. एक्साइज साडेतीनवरच राहिली. लँकेशायरने आरडाओरडा केला, पण युद्ध चालू असताना लंडनला हिंदुस्थानचा पैसा अधिक मोलाचा होता. वीस वर्षांत पहिल्यांदाच समान मापाचा नियम मोडला.

१९२१ मध्ये आयात जकात अकरा टक्के झाली. १९२२ मध्ये सरकारने एक्साइज साडेतीनवरून थेट साडेसात टक्के करायचं ठरवलं, तेव्हा निवडून आलेल्या सभासदांचं बहुमत असलेल्या नव्या मध्यवर्ती विधिमंडळाने ते फेटाळलं. १८९६ च्या कौन्सिलात हे घडूच शकलं नसतं. त्याच सुमारास मुंबईचे इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या फिस्कल कमिशनने या कराचा निःसंदिग्ध निषेध केला. अहमदाबादचे कस्तुरभाई लालभाई तो रद्द व्हावा म्हणून विधिमंडळात झगडले. तरी सरकार हलेना.

तोवर बाजार फिरला होता. युद्धानंतरच्या तेजीत मुंबईच्या गिरण्यांनी अफाट लाभांश वाटले. १९२३ पासून मंदी आली. स्वस्त जपानी कापड बंदरात उतरू लागलं, अहमदाबाद आणि सोलापूरच्या गिरण्या कमी खर्चात माल काढू लागल्या, रुपयाचा दर चढा ठेवल्याने आयात आणखी सोपी झाली. किमतीवर बसणारा कर वाईट वर्षात गळ्याशी येतो, तो आता खरोखर आला. मालकांनी मात्र एक्साइज उठेपर्यंत तोटा सोसायचा मार्ग धरला नाही. त्यांनी १ सप्टेंबर १९२५ पासून मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. एक्साइज उठली तर कपात मागे घेऊ, असंही सांगितलं.

सरकार आणि मालक यांच्या या ओढाताणीत मध्ये सापडला तो परळ-लालबागच्या चाळीतला कामगार. तेजीत वाटलेल्या लाभांशात त्याचा वाटा नव्हता, मंदीचा वाटा मात्र त्याच्या पगारातून कापला जाणार होता. सप्टेंबरच्या मध्यापासून गिरण्यांचे भोंगे थांबले. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. त्यांना त्या वेळी भक्कम युनियन नव्हती, संपनिधी नव्हता. वाण्याची उधारी संपली तसे बरेच जण बायकामुलांना घेऊन कोकणात किंवा घाटावर गावी गेले. तिथल्या तुटपुंज्या शेतीवर त्यांनी दिवस काढले. कामगार पुढारी ना. म. जोशी आणि त्यांचे सहकारी मदत गोळा करत, वाटाघाटी करत राहिले. दिवाळी गेली, ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. गिरण्या सुरू झाल्या नाहीत.

अखेर व्हाइसरॉय रीडिंग यांनी वटहुकूम काढून १ डिसेंबर १९२५ पासून एक्साइजची वसुली स्थगित केली. मालकांनी कपात मागे घेतली आणि कामगार जुन्या पगारावर कामावर परतले. जानेवारी १९२६ मध्ये ना. म. जोशींच्या अध्यक्षतेखाली बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन उभी राहिली. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात हा कर कायमचा रद्द झाला.

तीस वर्षांत मालकांचे अर्ज, कौन्सिलातली भाषणं, कमिशनांचे अहवाल, व्हाइसरॉयचं आश्वासन या सगळ्यांनी जे झालं नाही, ते अडीच महिन्यांच्या संपाने झालं. मालकांचे अर्ज वाया गेले असं नव्हे. त्यांनीच प्रश्न जिवंत ठेवला. पण निकाल लावला तो सांचेखात्यातल्या माणसाने. आणि त्याला त्यातून मिळालं काय, तर आधी होता तेवढाच पगार. १९२८ मध्ये पुन्हा मजुरीचा आणि कामाच्या बोजाचा प्रश्न उभा राहिला आणि त्याला सहा महिने संप करावा लागला. साडेतीन टक्क्यांच्या एक्साइजचा इतिहास लिहिताना लँकेशायर, टाटा, टिळक आणि गोखले यांची नावं येतातच. १९२५ च्या सप्टेंबरात गिरणीच्या दारातून बाहेर पडलेल्या त्या दीड लाख माणसांना त्यांच्या बरोबरीची जागा मिळायला हवी.